पांढरी पावडर, पिवळी पावडर

"वधू दिसेना, बुरगुटे."

दिघे सरांनी ती फिल्म वर्तमानपत्रावर ठेवली होती. चष्मा कपाळावर चढवून, नाक कागदाला टेकेल इतकं वाकून ते बघत होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "वधूही दिसेना आणि वरही दिसेना. नुसतं धुकं."

बोलले असते तर रडले असते, आणि रडण्यापेक्षा मला चिडणं बरं वाटतं. म्हणून मी फिल्म उचलली आणि तरातरा कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

"अगं थांब, फेकू नकोस. बिघडलेल्यालाही तारीख घालून ठेवायचं असतं."

"आधीच्या तीन ठेवल्यात की सर. आता काय त्यांचं तोरण करू दाराला?"

सर खो खो हसले. त्यांना माझं तोडून बोलणं आवडायचं. म्हणायचे, बार्शीची ज्वारी आणि बार्शीची माणसं, दोन्हीला चव आहे पण चावायला दात पाहिजेत.

तीस-बत्तीस वर्षं झाली याला. पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी एक सरकारी प्रयोगशाळा होती. तिथे मी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. ती वधूवरांची भानगड म्हणजे सरांची परीक्षा. काचेवर ओतून वाळवलेली कुठलीही फिल्म आधी रविवारच्या पेपरातल्या 'वधू पाहिजे, वर पाहिजे' या पानावर ठेवायची. त्यातली बारीक अक्षरं आरपार वाचता आली तर फिल्म पास. मशिनं नंतर. आमच्याकडे लाखालाखाची मशिनं होती, पण सरांचा पहिला विश्वास त्या जाहिरातींवर. मी बिनलग्नाची, त्यामुळे फिल्म नितळ आली की ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे, "मुलगा इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, बुरगुटे, बघ बाई." मी दात-ओठ खायची.

त्या वेळी मात्र फिल्म नितळ येतच नव्हती. मी दोन पॉलिमर एकत्र करत होते. पॉलिमर म्हणजे आपलं प्लॅस्टिक ज्या जातीचं तसले पदार्थ. दोन्ही एकत्र विरघळवून काचेवर ओतले आणि वाळताना ते कणाकणाने एकमेकांत मिसळून राहिले, तर फिल्म खिडकीच्या काचेसारखी येते. ते आतल्या आत वेगळे झाले, एकाची बेटं आणि भोवती दुसरा, असं झालं, की प्रकाश अडखळतो आणि फिल्म दुधाळ दिसते. दुधाळ दिसण्याचं दुःख नव्हतं. दुःख हे होतं, की त्या बेटांच्या कडेला फटी राहतात. आणि गॅसला फट सापडली की तो चाळण्याबिळण्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ फटीतून पळतो.

आम्हाला तर गॅस चाळायचा होता. मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या डिस्टिलरीच्या सांडपाण्यातून जो गॅस निघतो त्यात मिथेन असतो, तो जळतो. आणि कार्बन डायऑक्साइड असतो, तो जळत नाही, उगाच गर्दी करतो. फिल्मने कार्बन डायऑक्साइडला पलीकडे जाऊ द्यायचं आणि मिथेनला अलीकडेच अडवायचं, एवढंच काम. सांगायला एवढंच.

सरांनी आयुष्यभर खपून एक पांढरी पावडर तयार केली होती. तिची फिल्म म्हणजे लग्नाचा मांडव. कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाही, सगळ्यांना मोकळी वाट. गॅस भराभर जायचा पण दोन्ही जायचे. दुसरी पावडर पिवळी. तिची फिल्म अतिशय चोखंदळ, मिथेनला उभंच करायची नाही, पण कामाला इतकी मंद की कार्बन डायऑक्साइडही कंटाळावा. शिवाय वाळली की पापडासारखी तडकायची. ही पिवळी पावडर आमच्या इमारतीतल्या बोळाच्या पलीकडच्या प्रयोगशाळेतली. ती दिघे बाईंची.

दिघे बाई म्हणजे डॉ. सुनीती दिघे, सरांच्या पत्नी.

आता यांची गंमत ऐका. दोघं सकाळी एका स्कूटरवरून यायचे. बोळात आले की सर डावीकडे जायचे, बाई उजवीकडे. मग संध्याकाळपर्यंत सर त्यांना 'मॅडम' म्हणायचे आणि बाई सरांना 'डॉक्टर'. दुपारी बोळाच्या बरोबर मध्यावर एक स्टूल यायचं, त्यावर एकच चार पुडांचा डबा, अलीकडे सरांची खुर्ची, पलीकडे बाईंची. जेवण झालं की स्टूल भिंतीला. सर बाईंच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायचे नाहीत, बाई सरांच्या. एकमेकांच्या सामानाला हात लावायचा नाही. अशी विभागणी झाल्यापासून दोघांच्या नावाने मिळून एक लेख नाही.

हा नियम बाईंचा. नवीन लग्न झालेलं असताना त्यांनी फार मोठं काम केलं होतं, आणि त्या लेखावर खाली नवऱ्याचं नाव घातलं होतं. झालं! कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, नवरा लिहितो आणि बायको सही करते. बाईंच्या कानावर ते आलं. त्या ना भांडल्या ना रडल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी आपलं टेबल उचललं आणि बोळ ओलांडला.

दोन्ही पावडरी एकत्र करायची कल्पना माझी. सरांना विचारलं तर त्यांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. मग त्यांनी बोळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी तर आजच हो म्हणेन. पण तिला विचार. आणि मी हो म्हटलंय हे आधी सांगू नकोस हं."

मी बाईंकडे गेले. बाई काचेची नळी धूत होत्या. इस्त्रीची साडी, वर पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"नाही बाई," मी धडधडीत खोटं बोलले.

"मग विचार. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही. पण काम तू एकटीने करायचंस. माझ्या पावडरला त्यांचा हात लागता कामा नये, त्यांच्या पावडरला माझा. लेखावर नाव तुझं आणि तुझ्या गाईडचं. मला खाली आभारात टाक."

"बाई, अर्धी फिल्म तुमची आणि तुम्ही आभारात?"

"कालिंदी, वाद नको."

ठरलं. सर आपली पांढरी पावडर धुऊन, भट्टीत वाळवून डब्यात भरून ठेवायचे. बाई आपली पिवळी पावडर द्रावकात विरघळवून बाटली फळीवर ठेवायच्या, कारण ती विरघळायला दोन दिवस घ्यायची. मी डब्यातलं आणि बाटलीतलं घ्यायची, एकत्र करायची, काचेवर ओतायची. पुस्तकं सांगत होती की या घराण्यातले पॉलिमर एकमेकांत छान मिसळतात. आणि माझी फिल्म दर वेळी दुधाळ.

घाई होती, कारण बाई मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. सरांच्या आधी. बाई सरांपेक्षा दहा महिन्यांनी मोठ्या, यावरून सर त्यांना घरी फार छळत असणार. मार्चच्या सुरुवातीला बाहेरून एक समिती यायची होती. फिल्म चांगली निघाली तर समिती ती एका डिस्टिलरीत चाचणीला लावणार होती. मग पिवळी पावडर पुढे तयार होत राहणार, कुणीतरी तिच्यावर काम करणार. नाहीतर बाई गेल्या की ती प्रयोगशाळा दुसऱ्या विभागाला मिळणार हे ठरलेलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एकदा मीच बोलले. "बाई, तुमच्या डब्यांचं काय होणार?"

बाईंनी फळीकडे पाहिलं. ओळीने पिवळे डबे. "स्टोअरचा माणूस येऊन गेला. विचारत होता, बाई, यावर काय लिहू? मी म्हटलं, अजून थोडं थांबा." मग त्या हसल्या. "वीस वर्षं एका पावडरीत घातली मी. माणूस एवढ्यात पोरं वाढवतं. आम्हाला नाही झालं मूल. पण ते असो. तू फिल्म बघ."

मी तिथून पळालेच.

दुधाळ फिल्म चौथ्यांदा निघाली तो आठवडा असाच गेला. शनिवारी सुट्टी. मी होस्टेलवर कपडे धुतले, आणि दुपारी लक्षात आलं की स्वेटर प्रयोगशाळेत राहिलाय. गेले. बोळात सामसूम. पण सरांच्या प्रयोगशाळेत नळाचा आवाज येत होता.

आत डोकावले तर दिघे बाई! पदर खोचलेला, बाह्या वर, सरांच्या मोरीपाशी उभ्या. समोर मोठं फनेल, त्यात सरांची पांढरी पावडर, आणि बाई तिच्यावर कोमट पाणी ओतताहेत.

"बाई, तुम्ही? इथे?"

बाई दचकल्या. त्यांना मी कधी दचकलेलं पाहिलं नव्हतं. मग पदर सोडवून सरळ उभ्या राहिल्या आणि उलट माझ्यावरच डाफरल्या. "शनिवारी काय काम तुझं?"

"स्वेटर राहिला होता."

"घे आणि जा." मी हलले नाही. बाईंनी सुस्कारा सोडला. "दार लाव आधी. अगं, ही पावडर बनवताना मीठ सुटतं, माहीत आहे ना? ते नीट धुतलं नाही तर फिल्मला भोकं पडतात. यांना सगळ्याची घाई. शर्टाचा साबण निघत नाही यांच्याच्याने, पावडरीतलं मीठ काय निघणार? तुझ्या फिल्मला भोकं पडली तर लोक म्हणतील पांढरा पॉलिमर फुसका. तो फुसका नाहीये गं. फार चांगला पॉलिमर आहे. फक्त धुवायला हवा."

"पण सरांना काय सांगून आलात?"

"दर शनिवारी सांगते की मंडईत जाते. ते घरी झोपलेत." बाईंनी पावडर कागदावर पसरली आणि पंखा लावला. "भट्टी लावत नाही. ती गरम राहिली तर सोमवारी कळेल त्यांना. पंख्याखाली वाळते तेवढी पुरते. मी बघितलंय करून, त्यांच्या पावडरला थोड्या ओलाव्याने काही होत नाही." मग माझ्याकडे बोट. "एक शब्द बोलायचा नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली. स्वेटर घेतला. रस्ताभर हसत आले. आमच्या कडक बाई, मंडईच्या नावाखाली नवऱ्याची पावडर धुताहेत!

माझं हसू सोमवारपर्यंत टिकलं. सोमवारी दुपारी बाई संचालकांकडे बैठकीला गेल्या. मी पिवळी बाटली आणायला त्यांच्या प्रयोगशाळेत शिरले, तर फळीसमोर सर. हातात ड्रॉपर. बाटलीचं बूच उघडं. मला बघून त्यांनी ड्रॉपर चक्क कोटाच्या खिशात टाकला.

"सर!"

"शू! ओरडू नकोस." सरांच्या खिशाला तेलाचा डाग पसरायला लागला होता. "दर वेळी दोनच थेंब गं. फिल्म मऊ राहायला घालतात ना, ते तेल. तिच्या पॉलिमरमध्ये साफ विरघळतं. मी तपासलंय. काही बिघडत नाही."

"पण कशासाठी?"

"तडकते ना तिची फिल्म. समितीपुढे तडकली तर? निवृत्तीच्या महिन्यात?" सरांचा आवाज एकदम बारीक झाला. "ती काही बोलत नाही, बुरगुटे. फिल्म फुटली की घरी येऊन मुकाट्याने स्वयंपाकाला लागते. फक्त त्या दिवशी वरणात मीठ नसतं. मी वीस वर्षं जेवतोय ते वरण. सांगू नकोस हं तिला. तिला कळलं की मी हात लावला, तर मला बोळातच झोपावं लागेल."

मी दुसरी शपथ घेतली.

बाटली घेऊन परत आले, खुर्चीवर बसले, आणि एकदम डोक्यात लख्ख झालं. बाईंचं पाणी सरांच्या पावडरला सोसत होतं, पण बाईंच्याच पिवळ्या पॉलिमरला पाण्याचं वावडं. ओलावा लागला की तो द्रावणातून फुटून बाहेर येतो, हे बाईंनीच मला शिकवलेलं. आणि सरांचं तेल पिवळ्यात विरघळत होतं, पण सरांच्याच पांढऱ्यात ते काही केल्या विरघळत नाही. दोघांनी एकमेकांच्या पावडरीचं सगळं बघितलं होतं, स्वतःच्या पावडरीचं बघायचं मात्र विसरले होते. आणि मी मूर्ख, त्या दोन पावडरींना नावं ठेवत बसले होते.

मी कुणाला काही बोलले नाही. शेजारच्या विभागातल्या भट्टीत सरांची पावडर नीट वाळवली. बाईंच्या डब्यातून कोरडी पिवळी पावडर मागून घेतली आणि द्रावण स्वतः केलं, माझ्या कपाटात कुलपात ठेवलं. ओतलं. काचेचं फनेल उपडं झाकून सावकाश वाळू दिलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी ती फिल्म पेपरवर ठेवली. मधासारखा रंग. ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"'मुलगी एम.कॉम., गृहकृत्यदक्ष, पत्रिका पाहणे नाही.' बुरगुटे! वाचता येतंय! मॅडम! अहो मॅडम, इकडे या!"

बाई बोळाच्या मध्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. मी फिल्म त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, हलकेच वाकवली. तडकली नाही. सरांच्या पॉलिमरनेच तिला लवचीक केलं होतं, तेलाची गरजच नव्हती.

आणि मग काय झालं, तर बाईंनी मला डोळ्याने खुणावलं, बघ, स्वच्छ धुतलं ना! आणि मी परत आले तर सरांनी दोन बोटं दाखवून डोळा मारला. दोन थेंब! दोघांनाही खात्री, की आपल्याच मदतीने झालं. आता हे दोघं आणखी उत्साहाने धुणार आणि थेंब घालणार.

समिती आली तेव्हा दिवस चांगला तापला होता. तीन माणसं. प्रमुख नाडगौडा म्हणून होते, उंच, सडसडीत, हसणं ठाऊक नसलेले. मी फिल्म लोखंडी डबीत आवळून बसवली होती. एका बाजूने गॅस सोडायचा. दुसऱ्या बाजूला काचेची उभी नळी आणि तिच्या तळाशी साबणाचं पाणी. फिल्ममधून जेवढा गॅस पलीकडे येईल तेवढा साबणाचा फुगा नळीत वर चढतो.

कार्बन डायऑक्साइड सोडला. फुगा तुरुतुरु वर गेला. मग डबीतला आधीचा गॅस काढून मिथेन सोडला. फुगा तळाशी बसला. आम्ही बघतोय, फुगा बसलाय.

"नळी तुंबली काय?" समितीतल्या एकांनी विचारलं.

"नाही सर. मिथेनला वाट नाही," मी म्हटलं. तेवढ्यात फुगा अगदी केसभर हलला. सरांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि बाईंच्या नजरेने खाली ठेवले.

नाडगौडांनी आधीच्या चार दुधाळ फिल्म उचलल्या. सरांनी तारखा घालून ठेवायला लावलेल्या त्या.

"हे तेच दोन पॉलिमर?"

"हो."

"तेच प्रमाण?"

"हो सर."

"मग चार वेळा मिसळले नाहीत आणि पाचव्यांदा मिसळले. असं का?"

मी गॅसची तोटी उगाच घट्ट केली.

"बुरगुटे, मला हे उत्तर लागेल. एकदा जमलेली गोष्ट मी डिस्टिलरीत नाही लावत. कशाने बिघडलं हे माहीत नसेल, तर उद्या परत बिघडेल. उत्तर नसेल तर माझ्याकडून नाही."

माझ्या उजवीकडे बाई, डावीकडे सर. दोघांचे डोळे माझ्यावर. मला बाईंच्या फळीवरचे ते पिवळे डबे दिसायला लागले, आणि त्यांच्यावर काय लिहू म्हणून उभा असलेला स्टोअरचा माणूस. शपथा गेल्या खड्ड्यात, असं मनात म्हटलं आणि तोंड उघडलं.

"आधीच्या चारही वेळा पांढऱ्या पावडरीत ओलावा राहिला होता. तो पिवळ्याला चालत नाही. आणि पिवळ्या द्रावणात मऊपणासाठीचं तेल होतं. ते पांढऱ्याला चालत नाही. दोन्ही काढलं, की मिसळतात. परत केलं तरी मिसळतील. हव्या तितक्या वेळा."

"हे ओलावा आणि तेल आलं कुठून?"

"ते... माझ्याकडून..."

"पावडर मी धुतली होती," बाई म्हणाल्या.

"तेल मी घातलं," सर त्याच क्षणी म्हणाले.

आणि दोघं एकमेकांकडे वळले. समिती, मी, फुगा, कुणीच तिथे नव्हतं.

"अहो!" बाई म्हणाल्या. त्या इमारतीत त्यांच्या तोंडून हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. "अहो, तुम्ही माझ्या बाटलीत तेल घातलंत?"

"नीती, तू माझी पावडर धुतलीस? केव्हा?"

"शनिवारी."

"तू मंडईत गेली होतीस शनिवारी! चार पेंड्या मेथी आणलीस!"

"येताना घेतली. आणि तुम्ही? हात लावायचा नाही हे ठरलं होतं ना आपलं?"

"फुटली असती तुझी फिल्म. मग तू..." सर अडखळले. "मला नाही बघवत गं."

बाईंचे डोळे भरले. मी आजवर सांगत आले की बाई रडल्या नाहीत. पण खरं सांगते, एक थेंब कोटाच्या बाहीने त्यांनी पुसला, मी पाहिलं. आणि त्या रागावल्याही होत्या. एकाच वेळी दोन्ही.

नाडगौडा खाकरले. "उत्तर मिळालं मला." त्यांनी लेखणीचं टोपण काढलं. "चाचणी मंजूर. वर्षभर पुरेल एवढा माल दोन्ही पॉलिमरचा लागेल. पिवळा तयार कोण करणार? बाई तर निवृत्त होताहेत."

"मी करीन," सर म्हणाले. "म्हणजे... तिने शिकवलं तर."

"धुवायला शिका आधी," बाई म्हणाल्या.

नाडगौडांनी कागदावरून मान वर केली नाही. "आणि लेखावर नावं कुणाकुणाची?"

बाईंनी बोळ ओलांडला त्या दिवसापासून जो प्रश्न कुणी त्यांना विचारायला धजलं नव्हतं, तो यांनी सहज विचारला. सरांनी मान खाली घातली.

"आधी या मुलीचं," बाई म्हणाल्या. "मग आमच्या दोघांची. माझं यांच्या आधी घाला. मी दहा महिन्यांनी मोठी आहे."

तेव्हा नाडगौडा हसले. दातसुद्धा दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी नेहमीप्रमाणे स्टूल बोळाच्या मध्यावर ठेवलं. बाई आल्या, स्टूल उचललं आणि आपल्या प्रयोगशाळेत नेऊन पिवळ्या डब्यांच्या फळीखाली ठेवलं. सर दारात उभे. चप्पल काढू की नको, अशा विचारात.

"या आता. कालिंदी, तूही ये."

डबा उघडला. सरांनी वरणभात कालवला, एक घास घेतला, आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. वरणात मीठ नव्हतं.

सरांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. "छान झालंय," म्हणाले.

"राहू दे खोटं बोलणं," बाई म्हणाल्या. "मीठ हवं तर तुमच्या त्या पांढऱ्या पावडरीत भरपूर आहे. घ्या त्यातलं."

सर हसायला लागले ते हसतच सुटले. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. बाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी कोटाच्या खिशातून मिठाची छोटी पुडी काढली. घरूनच आणली होती, म्हणजे मीठ घालायचं राहिलं नव्हतं. सरांच्या वरणात दोन चिमटी घातल्या, स्वतःच्या बोटाने कालवलं, बोट चाखून पाहिलं, आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"आता बघा," म्हणाल्या.